मुलं मराठीत बोलतात म्हणून टास्क सोडू नका

कर्नाटकातल्या खानापूर तालुक्यातल्या एका सरकारी मराठी शाळेतले तरुण शिक्षक विचारतात: "प्रशिक्षणात कार्याधारित, म्हणजे टास्क देऊन शिकवायची पद्धत सांगितली. सहावी-सातवीचं कन्नड आणि इंग्रजी दोन्ही माझ्याकडे आहे. गट पाडून टास्क दिला की मुलं मराठीतच बोलून काम उरकतात. गलका होतो, शेजारच्या वर्गातून तक्रार येते, पोर्शन मागं पडतो. आपल्याकडे हे खरंच चालतं का?"

सर, चालतं. बेळगाव जिल्ह्यातल्या मराठी शाळांत मी २७ वर्षं ह्याच दोन भाषा शिकवल्या, त्यातली शेवटची १५ वर्षं ह्याच पद्धतीनं. पण सुरुवातच गट पाडून केली तर तुम्ही लिहिलंय तेच घडतं. माझ्याही वर्गात तेच घडलं होतं.

आधी एका शब्दाचा घोळ सोडवू. आपल्या शाळांत कृती, चटुवटिके आणि टास्क हे तीन शब्द एकाच अर्थानं वापरले जातात. गाणं म्हणणं, कार्ड जुळवणं, संवाद पाठ करून सादर करणं ह्या कृती आहेत. चांगल्या आहेत, नली-कली ह्या खेळत शिकायच्या पद्धतीच्या वर्गात पहिली ते तिसरीची मुलं त्यातूनच फुलतात. पण तिथं मुलानं कोणतं वाक्य बोलायचं हे आपण आधीच ठरवलेलं असतं. टास्कमध्ये आपण फक्त शेवट ठरवतो: अमुक माहिती मिळवायची, अमुक निर्णय घ्यायचा, अमुक माणसाला अमुक कळवायचं. तिथवर पोचायला कोणते शब्द वापरायचे ते मुलानं बघायचं. टास्क झाला की नाही हे काम झालं की नाही ह्यावरून कळतं. वाक्य बरोबर होतं का, हा प्रश्न नंतरचा. नंतरचा आहे म्हणून सोडून द्यायचा असं मात्र नाही. त्याकडे पुढं येते.

माझा पहिला टास्क पूर्ण फसला होता. दोन चित्रं, त्यांत आठ फरक. जोड्या पाडल्या, प्रत्येकाच्या हातात एक चित्र, आणि इंग्रजीत विचारून फरक शोधा म्हणाले. दोन मिनिटांत सगळ्या जोड्या "झालं बाई" म्हणून मोकळ्या. मुलांनी चित्रं शेजारी शेजारी ठेवली होती आणि बोटानं फरक मोजले होते. एक शब्द इंग्रजीचा नाही, मराठीचाही फारसा नाही. रागवायचं काही कारण नव्हतं, कारण काम त्यांनी बरोबरच केलं होतं. त्या कामाला भाषा लागतच नव्हती. पुढच्या वेळी पाठीला पाठ लावून बसवलं, तेव्हा मात्र विचारणं भाग पडलं. पण तेही मराठीत. "तुझ्या झाडावर पाखरू आहे काय?" दोघंही मराठी, मग इंग्रजीत का विचारतील? तुमचा प्रश्न तो हाच.

उत्तर मला वर्गात सापडलं नाही, बिसिऊटाच्या, म्हणजे शाळेतलं दुपारचं जेवण शिजतं त्या खोलीत सापडलं.

आमच्या शाळेत स्वयंपाक करणाऱ्या अक्का गोकाककडच्या. मराठी त्यांना समजायचं, पण बोलायच्या कन्नडच. अंड्याचा दिवस असला की आदल्या दिवशी त्यांना आकडा लागायचा, किती मुलांना अंडं आणि किती जणांना केळं. हा आकडा मीच सांगायचे. एका गुरुवारी मी सहावीला म्हटलं, उद्याचा आकडा तुम्ही द्यायचा. अटी दोन. तिसरा तास सुरू व्हायच्या आत अक्कांना आकडा मिळाला पाहिजे. आणि अक्कांशी बोलायचं ते कन्नडमध्ये, त्या उलट प्रश्न विचारणार, त्याचंही उत्तर द्यायचं. तुम्ही आपापसात कसं विचारता ते मी बघणार नाही.

आधी सगळ्या वर्गाबरोबर पाचवीचा आकडा मीच काढून दाखवला. पाचवीची दोन मुलं बोलावली, त्यांना कन्नडमध्ये विचारलं, फळ्यावर रेघा ओढल्या. त्या पाच-सात मिनिटांत 'बेकु' (पाहिजे), 'बेड' (नको), 'एष्टु' (किती), 'यारिगे' (कुणाला) हे शब्द मुलांच्या कानावरून दहा-दहा वेळा गेले. कुणाकडून म्हणवून घेतले नाहीत. मग काम त्यांच्या हातात.

मुलांनी मोजणी मराठीतच केली. मी बोलले नाही. पण मोजून झाल्यावर जे सुरू झालं ते पाहण्यासारखं होतं. "तेरा कसं म्हणायचं रे?" "हदिमूरु." "आणि अक्का विचारल्या की केळं कुणाला, तर?" कोपऱ्यात तिघं मिळून वाक्य तयार करत होते, एक जण हातावर लिहून घेत होता. आतापर्यंत माझ्या कन्नडच्या तासाला ज्यानं तोंड उघडलं नव्हतं, तो मुलगा सगळ्यांच्या पुढं निघाला, कारण त्याला अंडं चालत नव्हतं आणि आपलं केळं चुकेल ही धास्ती.

दारात उभा राहून त्यानं सांगितलं, "हदिमूरु तत्ति, आरु बाळेहण्णु." तेरा अंडी, सहा केळी. पुस्तकात अंड्याला 'मोट्टे' आहे. 'तत्ति' त्यानं गावातून उचललं होतं, आणि अक्कांना तेच जवळचं. अक्कांनी विचारलं, "तत्ति यारिगे बेड?" अंडं कुणाला नको? पोरगा अडकला. स्वतःकडे बोट केलं आणि म्हणाला, "ननगे... बेकु इल्ला." अक्का म्हणाल्या, "बेड अन्नप्पा, बेड." तो म्हणाला, "ननगे बेड." आणि केळं मिळालं.

वर्गात परत आल्यावर मी ते एकच वाक्य फळ्यावर लिहिलं. विचारलं, मराठीत तू 'पाहिजे नाही' म्हणतोस काय? "नाही ओ बाई, नको म्हणतो." मग 'पाहिजे'च्या समोर 'बेकु' लिहिलं, 'नको'च्या समोर जागा मोकळी ठेवली. ती जागा मुलांनी भरली. मग 'मला'च्या समोर 'ननगे'. एक मुलगी उठून म्हणाली, "बाई, हे तर मराठीच आहे, शब्द तेवढे बदलले." खरंच आहे ते. 'मला अंडं पाहिजे' आणि 'ननगे तत्ति बेकु' ह्यांची बांधणी शब्दाला शब्द जुळते. 'मला कन्नड येतं' म्हणायचं तर कन्नडमध्येही 'ननगे कन्नड बरुत्तदे'च, 'येणं' हेच क्रियापद. 'जाऊन आलो' म्हणजे 'होगि बंदे'. शेकडो वर्षं शेजारी राहिलेल्या ह्या दोन भाषा आहेत. मुलांना हे नियम म्हणून सांगितलं असतं तर वहीत गेलं असतं. केळ्याच्या निमित्तानं आलं म्हणून राहिलं.

आता तुमच्या प्रश्नाचा गाभा. काम चालू असताना मुलं मराठीत बोलली तर बोलू द्या. विचार करायला त्यांना तीच भाषा आहे, ती काढून घेतली तर विचारच थांबतो. कन्नड किंवा इंग्रजीचा आग्रह धरायचा तो काम सांगायच्या वेळी. ह्या पद्धतीवर लिहिणाऱ्या जेन विलिस ह्यांनी १९९६ मध्ये जो क्रम मांडला त्यात टास्क, मग तयारी, मग सगळ्यांसमोर निवेदन असे तीन टप्पे आहेत, आणि भाषेच्या रूपाकडे बघायचं ते ह्या तिन्हींच्या नंतर. मधला टप्पा आपण नेहमी गाळतो. चारचौघांसमोर बोलायचंय म्हटलं की माणूस आपोआप नीट बोलायला बघतो. लग्नात बोलायला उभं केलं तर आपणही शब्द जुळवतोच. ते जुळवण्यासाठी मुलाला सात-आठ मिनिटं द्या आणि तेवढा वेळ वर्गातून फिरत त्याला लागेल तो शब्द पुरवा. माझ्या अनुभवात खरं शिकणं ह्याच मिनिटांत होतं.

आणि ऐकणारा असा हवा की त्याला ते खरोखर ऐकायचंय. कन्नडसाठी आपल्याला हा माणूस शोधायला लागत नाही. शाळेच्या दारातून बाहेर पडलं की कंडक्टर आहे, पोस्टमन आहे, दवाखान्यातल्या सिस्टर आहेत. पुणे-नाशिकच्या शिक्षकाला मिळणार नाही अशी ही सोय आहे. इंग्रजीसाठी ती नाही, म्हणून तिथं वेगळं करायला लागतं.

तिथं मला एन. एस. प्रभू ह्या भाषाशिक्षणतज्ज्ञांचा आधार झाला. प्रशिक्षणात ही पद्धत परदेशातून आल्यासारखी सांगतात, पण तिचा पहिला मोठा प्रयोग आपल्याच देशात झालाय. प्रभूंनी १९७९ ते १९८४ ह्या काळात बंगळूर आणि मद्रासकडच्या साध्या शाळांत इंग्रजीचे वर्ग व्याकरणाचा एकही धडा न घेता, निव्वळ टास्क देऊन चालवले. बंगळूर प्रकल्प म्हणून तो जगभर ओळखला जातो. टास्कचे त्यांचे तीन प्रकार आजही सगळे वापरतात: एकाकडे असलेली माहिती दुसऱ्याकडे पोचवणं, दिलेल्या माहितीवरून तर्क करून उत्तर काढणं, आणि आपलं मत मांडणं. ह्यांत प्रभूंचा भर दुसऱ्यावर, म्हणजे तर्कावर होता.

प्रभूंनी गट पाडण्यावर भर दिला नव्हता, हे फार जणांना माहीत नसतं. आधी शिक्षक सगळ्या वर्गाला घेऊन एक टास्क तोंडी सोडवतो, मग तशाच दुसऱ्या टास्कवर प्रत्येक मूल एकट्यानं काम करतं. कारण तुम्ही सांगताय तेच. सारख्याच कच्च्या मुलांनी आपापसात बोलून भाषा पक्की कशी होणार? त्यांना चांगली भाषा ऐकायला मिळते ती शिक्षकाकडून. तेव्हा शेजारच्या वर्गाची तक्रार येऊ नये असं वाटत असेल तर पहिले तीन महिने गट विसरा. मी वर्गाला घेऊन सोडवलेला टास्क हा सगळ्यात शांत तास असायचा, कारण मुलं गणित सोडवल्यासारखी विचारात असायची.

एक नमुना देते. मिरज-लोंढा मार्गावरची घटप्रभा, बेळगाव, खानापूर ही स्टेशनं मुलांच्या ओळखीची. मी चार काल्पनिक गाड्यांचं वेळापत्रक फळ्यावर लिहायचे. आज्जीला ११ वाजता बेळगावच्या सिव्हिलमध्ये पोचायचंय. स्टेशनपासून रिक्षाला २० मिनिटं. आज्जीला पहाटेची गाडी नको, सांध्यांचं दुखणं आहे. एक गाडी फक्त रविवारी. तर कुठली गाडी? प्रश्न इंग्रजीत, मुलांनी उत्तर दिलं की "व्हाय?" हाही इंग्रजीत. पहिल्यांदा उत्तरं एका शब्दात येतात, "सेकंड", "नो, लेट". तेवढं पुरतं. त्यांच्या तुटक उत्तराचं पूर्ण वाक्य करून आपण सहज परत म्हणायचं: "येस, इट रीचेस टू लेट." चूक दाखवायची नाही, आपलं बोलणं चालू ठेवायचं. मग दुसरं वेळापत्रक कागदावर, आज्जीच्या जागी काका, अटी बदललेल्या, आणि प्रत्येकानं आपलं आपण सोडवायचं.

टास्क अवघड झाला की सोपा, हे ठरवायला प्रभूंचा एक साधा हिशेब आहे. वर्गातल्या निदान निम्म्या मुलांना निदान निम्मा टास्क जमायला हवा. चाळिसात वीस मुलांना पाच प्रश्नांतले तीन आले तर टास्क बरोबर बसला. त्याहून कमी आले तर दुसऱ्या दिवशी तोच सोपा करून द्या. सगळ्यांना सगळं आलं तर उद्याच्यात एक अट वाढवा. हा हिशेब मी शेवटपर्यंत वापरला.

ह्या प्रकल्पाचं १९८५ मध्ये बाहेरच्या अभ्यासकांनी मूल्यमापन केलं, त्यांचा कौल अनुकूल पण जपून दिलेला होता. पुढच्या पाहणीत असंही दिसलं की नेहमीच्या वर्गशिक्षकांपैकी बऱ्याच जणांना ती पद्धत पूर्णपणे पेलली नाही. मला ह्यात नवल वाटत नाही. प्रभू अर्थावरच भर देऊन थांबतात, व्याकरण मुलाच्या मनात आपोआप बसेल ह्या भरवशावर. इथं मी त्यांच्याबरोबर जात नाही. एक पूर्ण वर्ष मी तसं करून पाहिलं. मुलं धीट झाली, पण जून महिन्यात 'मी (me) लाइक मँगो' म्हणणारी मुलगी मार्चमध्येही तेच म्हणत होती. ते चुकतं कुठं ते बघा. 'मला आंबा आवडतो' ह्यातल्या 'मला'मुळं ती 'मी' ह्या इंग्रजी शब्दाकडे जाते. कन्नडमध्ये ही सवय तिला तारते, इंग्रजीत पाडते. हे कुणीतरी तिला दाखवायला नको? म्हणून टास्कच्या शेवटी दहा मिनिटं मी भाषेसाठी राखूनच ठेवायचे. फक्त त्या दिवशी त्यांच्याच तोंडून आलेली दोन-तीन वाक्यं, नावं न घेता, फळ्यावर. पुस्तकातला नियम नाही.

नववी-दहावीसाठी मला सगळ्यात जवळचा वाटलेला टास्क जमिनीच्या उताऱ्याचा. आपल्या भागातल्या शेतकऱ्यांच्या घरात पहाणी कन्नडमध्ये येते आणि वाचणारं कुणी नसतं. एका उताऱ्यातली नावं आणि नंबर खोडून मी त्याच्या झेरॉक्स काढल्या. प्रश्न एवढाच: ह्या रानात भात किती, ऊस किती, आणि पडीक किती? मुलांची पहिली ठेच 'विस्तीर्ण' ह्या शब्दाला. मराठीत त्याचा अर्थ अफाट. कन्नड उताऱ्यात तो क्षेत्र. एक मुलगा म्हणाला, "बाई, हे रान लई मोठं असणार." खाली आकडा होता २ एकर १० गुंठे. मग 'भत्त' म्हणजे भात ओळखीचं निघालं, 'कब्बु' म्हणजे ऊस माहीत होतंच. भात १ एकर ३० गुंठे होतं. अर्ध्या वर्गानं २.१० मधून १.३० वजा करून ८० गुंठे उरले म्हणून सांगितलं, आणि तिथं खरा वाद पेटला, कारण शेतकऱ्यांच्या मुलांना माहीत होतं की एकर ४० गुंठ्यांचा असतो. उरतात २० गुंठे. हे निवेदन त्यांनी कन्नडमध्ये आमच्या कन्नडच्या दुसऱ्या सरांसमोर केलं, आणि सर मुद्दाम अडवत होते.

दुसऱ्या दिवशी एक मुलगी सकाळी प्रार्थनेच्या आधी येऊन उभी राहिली. घरी जाऊन तिनं पेटीतला उतारा काढून वाचला होता. म्हणाली, "बाई, आमच्यात अजून आज्जाचंच नाव आहे. अप्पांना माहीतच नव्हतं." अप्पा आजवर दर वेळी कुणाला तरी धरून वाचून घ्यायचे.

कन्नडच्या सक्तीबद्दल आपल्या घराघरांत काय बोलणं होतं ते मला माहीत आहे, मीही त्याच घरातली. २०१५ च्या कन्नड भाषा अध्ययन कायद्यानंतर ते बोलणं वाढलंय. मराठी शाळा टिकाव्यात ह्यासाठी मी जन्मभर झगडले आणि आजही त्याच बाजूची आहे. पण ते ओझं दहा-बारा वर्षांच्या मुलाच्या कन्नडच्या तासावर टाकू नका. आपल्या आज्जाचं नाव वाचता आलेल्या त्या मुलीची मराठी तसूभरही कमी झाली नाही. उलट त्याच आठवड्यात मराठीच्या तासाला तिनं तलाठ्याला द्यायचा अर्ज लिहिला, आणि तो मी इतर वर्गांनाही वाचून दाखवला.

पोर्शनचं म्हणाल तर आठवड्यातला एकच तास टास्कला द्या, आणि टास्क पुस्तकाबाहेरचा शोधत बसू नका. पुस्तकातला धडा घ्या, त्याचे चार तुकडे करा, क्रम उलटा करा, एक तुकडा लपवा. हरवलेल्या तुकड्यात काय असेल हे तर्कानं सांगायचं. टास्कही होतो, धडाही होतो. निवेदनाची वही ठेवली तर एफएच्या, म्हणजे वर्षभर चालणाऱ्या मूल्यमापनाच्या नोंदीत कृतीचे गुण त्याच वहीवरून भरता येतात, वेगळं काही करायला लागत नाही. सीआरपी, म्हणजे आपल्या शाळासमूहाचे साधनव्यक्ती, आले की तीच वही पुढं करा. पत्रलेखन आणि उताऱ्यावरचे प्रश्न ह्या परीक्षेतल्या दोन्ही भागांत माझ्या मुलांचे गुण घसरले नाहीत, तेव्हा त्याची काळजी नको.

ह्या आठवड्यात कन्नडपासून सुरू करा, इंग्रजीपासून नको. तिथं ऐकणारा माणूस तयार आहे आणि भाषेची बांधणी मुलांच्या ओळखीची आहे. तुमच्या शाळेत स्वयंपाक करणाऱ्या अक्का कन्नड बोलत असतील तर त्यांच्यापासूनच. त्या मराठी असतील तर स्टँडवर जाऊन कंट्रोलर साहेबांना आधी भेटून ठेवा, चार मुलं शेवटच्या गाडीची वेळ कन्नडमध्ये विचारायला येतील म्हणून सांगा, आणि त्यांना मराठीत उत्तर देऊ नका अशी विनंती करा. ही विनंती विसरू नका. आपल्या भागातली माणसं मुलांना अडखळताना बघितलं की लगेच मराठीत सांगून मोकळी होतात.